भिलाईतून वाचलेला भोसल्यांचा इतिहास

फेब्रुवारी १९५५मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, तेव्हा भिलाई ज्या राज्यात होती त्याची राजधानी नागपूर होती. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, भिलाई ज्यात येते त्या दुर्ग जिल्ह्याचा कारभार भोपाळहून चालू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्‌घाटन झालं, तोवर विदर्भातून इथे नोकरीला येणारा माणूस परप्रांतीय ठरलेला होता. गोंदिया-डोंगरगडवरून येणारी रेल्वेलाइन मात्र तीच होती.

मराठी माणसाचं या मुलखाशी नातं कारखान्याच्या कितीतरी आधीचं. ते सरळ नाही, आणि म्हणूनच इथल्या मराठी घरात वाढणाऱ्या मुलाला आपला इतिहास दोनदा भेटतो. घरात ऐकायला मिळतो नागपूरकर रघूजी भोसल्यांचा पराक्रम, ओरिसा-बंगालपर्यंत पोचलेली घोडी. शाळेत छत्तीसगढचा इतिहास शिकताना ‘मराठा शासन’ नावाचा कालखंड येतो. त्यात तीच माणसं बाहेरून आलेली असतात.

१७४१ साली रघूजींचा सेनापती भास्करराम कोल्हटकर, म्हणजे भास्करपंत, छत्तीसगढातल्या रतनपूरवर चालून आला. गॅझेटियरमध्ये आलेली हकीकत चटका लावणारी आहे. हैहयवंशी राजा रघुनाथसिंह म्हातारा झाला होता, मुलगा गेल्याच्या दुःखात त्याने राज्यकारभारातून लक्ष काढून घेतलं होतं. तोफांनी वाड्याचा काही भाग ढासळला, तेव्हा एक राणी तटावर चढली आणि तिने शरणागतीचं निशाण दाखवलं. दरवाजे उघडले. शहरावर एक लाख रुपयांची खंडणी बसली. याला पराक्रम म्हणायला जीभ रेटत नाही.

तरी गोष्ट इथे संपत नाही. १७५८पासून १७८७पर्यंत रघूजींचे पुत्र बिंबाजी रतनपुरातच राहिले, मुलूख आपला मानून. रामटेकडीवरचं राममंदिर त्यांचं. दसऱ्याला सोनं देण्याची इथली चाल त्यांच्यापासून सुरू झाली असं सांगतात. त्यांच्यामागे मात्र नागपूरहून सुभेदार येऊ लागले. जुनी गढांची व्यवस्था मोडून परगणे झाले, त्यांवर कमाविसदार, फडणवीस, बरारपांडे बसले. रयतेकडून वसूल करायचा आणि तो नागपूरला धाडायचा, हेच मुख्य काम. बिंबाजी आणि हे सुभेदार यांना एकाच ‘मराठी राज्या’त गुंडाळणं हा दोघांवरही अन्याय आहे, आणि इथल्या शेतकऱ्यावर तर सर्वांत मोठा.

इतिहासाकडे असं उघड्या डोळ्यांनी पाहायची किंमत मोजलेला एक मराठीभाषक भिलाईच्या शेजारीच राहत होता. गजानन माधव मुक्तिबोध १९५८मध्ये नागपूर सोडून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला आले. जन्म ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरचा, घरची भाषा मराठी, लिहिणं हिंदीत. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत कविता लिहीत राहिले. १९७९चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. राणीसागर आणि बूढासागर या तलावांच्या मधल्या जुन्या राजवाड्यात महाविद्यालय भरे, आणि तिथल्याच एका भागात मुक्तिबोधांचं बिऱ्हाड होतं. वर जायला गोल जिना.

तिथे राहत असताना त्यांचं ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पुस्तक शाळांसाठी लागलं. त्यात त्यांनी भारताची घडण राजांच्या लढायांपेक्षा समाज आणि संस्कृती यांच्या अंगाने मांडली होती. धर्मभावना दुखावल्याची ओरड झाली, आंदोलनं झाली, आणि सप्टेंबर १९६२मध्ये मध्य प्रदेश सरकारने पुस्तकावर बंदी घातली. देशावर जीव असलेल्या माणसाला देशाचा इतिहास लिहिल्याबद्दल असं वागवलं गेलं, याची चीड आजही यावी. मुक्तिबोधांना हा घाव फार लागला. दीड वर्षात ते आजारी पडले, आणि ११ सप्टेंबर १९६४ला दिल्लीत वारले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा कवितासंग्रह त्याच वर्षी निघाला.

बंदी आलेलं पुस्तक पुढे पुन्हा छापलं गेलं. भिलाईतल्या मराठी घरांत शिवचरित्राशेजारी ते असायला हवं, आणि सुट्टीत मुलांना रायगड दाखवणाऱ्यांनी एकदा रतनपूरही दाखवावं: बिंबाजींचं राममंदिर, आणि हैहयांचा पडका किल्लाही.