आधी राशी, मग एकक : सातपुड्याच्या उतारावरचा एक एकर

पेट परीक्षेसाठी तुम्ही सात मूलभूत राशी पाठ केल्या असतीलच : लांबी, वस्तुमान, काळ, विद्युतधारा, तापमान, पदार्थाचं प्रमाण आणि दीप्ती तीव्रता. त्यांची एककंही येतात. पण संशोधनात खरी अडचण वेगळीच असते. एकक बरोबर असतं, मात्र नेमकी कोणती राशी मोजली हेच ठरलेलं नसतं. नंदुरबार जिल्ह्यातलं जमीन मोजणीचं उदाहरण घेऊ.

पूर्वी 'औत' हा शब्द जमिनीच्या मापासाठीही वापरत. एक बैलजोडी आणि एक नांगर जेवढी जमीन कसू शकेल, ते एक औत. काळी सपाट जमीन असो वा डोंगरातली मुरमाड, औत एकच, क्षेत्र मात्र वेगळं. म्हणजे औत हे क्षेत्रफळाचं नव्हे, कामाच्या कुवतीचं माप. जुन्या कागदातल्या औताचे सरळ एकर करून टाकलेत, तर तुमचा तक्ता तिथेच चुकला.

1818 नंतर खानदेशात इंग्रजी अंमल आला आणि पुढे साखळीची मोजणी आली. ही साखळी 33 फुटांची, तिचे भाग 16, प्रत्येक भाग एक आणा. साखळी गुणिले साखळी म्हणजे 1089 चौरस फूट, हाच गुंठा. 40 गुंठ्यांचा एकर. 1852 मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल भागात शेतकऱ्यांनी या मोजणीला मोठा विरोध केला. मोजणी झाली की सारा वाढणार, ही त्यांची धास्ती होती. तो मोडायला फौज आणावी लागली. आपण एकक निर्जीव समजतो, पण साखळी कुणाच्या हातात आहे याला केवढी किंमत असते बघा!

1956 च्या वजनमापे कायद्याने देश मेट्रिक पद्धतीकडे वळला. आज सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, तोंडी मात्र एकर-गुंठेच. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर आणि गुंठा सुमारे 101.17, म्हणून लोक दोन्ही सारखेच धरतात. एका गुंठ्यात फरक जाणवत नाही. पण 4 हेक्टर म्हणजे 400 आर, आणि गुंठे सुमारे 395 च.

हाच 4 हेक्टरचा आकडा 2006 च्या वनहक्क कायद्यात आहे. वैयक्तिक दाव्याची ती कमाल मर्यादा. अक्राणी, अक्कलकुव्याच्या डोंगरात कसलेल्या जमिनीचे दावे जीपीएसने मोजले जातात. आता गंमत बघा. जीपीएस मुळात काळ मोजतं. उपग्रहाचा संदेश पोहोचायला लागलेला वेळ गुणिले प्रकाशाचा वेग, म्हणजे अंतर. मीटरची व्याख्याही 1983 पासून प्रकाशाच्या वेगावरच आहे : सेकंदाला 2,99,792,458 मीटर.

पण नकाशावर येतं ते आडवं क्षेत्र. 30 अंशांच्या उतारावर टेप जमिनीला टेकवून 100 मीटर धरलेत, तर नकाशावर ते 86.6 मीटरच भरतं. उताराच्या दिशेने एवढीच घट धरली तर टेपने 4 एकर भरलेलं शेत नकाशावर साधारण साडेतीन एकरच होतं. शेतकरी खोटं बोलत नाही, यंत्रही खोटं बोलत नाही. एकाने उताराचा पृष्ठभाग मोजला, दुसऱ्याने त्याची आडवी सावली. एकक एकच, राशी दोन. जुने साखळीवालेही उतारावर साखळी आडवी ताणून, पायरी-पायरीने उतरत मोजत, ते याचसाठी.

म्हणून क्षेत्रकार्याच्या वहीत आकड्याशेजारी तीन गोष्टी लिहाच : काय मोजलं, कशाने मोजलं, कुणी मोजलं. कुणी 'माझी चार एकर' म्हणालं, तर लगेच कॅल्क्युलेटर काढू नका. आधी विचारा, 'दादा, मोजली कशी?' उत्तर 'औताने' असेल, तर तेच लिहा. रूपांतर नंतर करता येतं. पुसलेली माहिती परत मिळत नाही.