हातांचें शिक्षण आणि गांवचें काम

दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलास काय काय करतां येतें, असें एखाद्या शेतकऱ्यानें विचारलें, म्हणजे आम्हां शिक्षकांची पंचाईत होते. मुलास वाचतां येतें, व्याजाचें गणित येतें. परंतु विहिरीवरचा पंप बंद पडला कीं तो बापाइतकाच हताश उभा राहतो. हा प्रश्न जुनाच आहे. गेल्या शंभर वर्षांत महाराष्ट्रांत त्याचीं निरनिराळीं उत्तरें शोधलीं गेलीं. त्यांपैकीं तिहींचा विचार आज करूं.

पहिलें उत्तर कर्मवीर भाऊराव पाटील यांचें. त्यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. तेथें नाना जातींचीं मुलें एकत्र राहत, एका पंक्तीस जेवीत आणि आपला स्वयंपाक आपणच करीत. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्या वसतिगृहास छत्रपति शाहूंचें नांव देण्यांत आलें. तेथील श्रम हा देखावा नव्हता. त्यांवर साऱ्यांचें जेवण अवलंबून होतें.

दुसरें उत्तर वर्ध्याचें. ऑक्टोबर १९३७ मध्यें तेथें गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें हस्तोद्योग मध्यवर्ती ठेवून अभ्यासक्रम आंखला. तत्त्व उत्तम होतें. पण पुष्कळ शाळांत सूतकताई हा वेळापत्रकांतला एक तास होऊन बसला. तें सूत कोणास हवें आहे, याची विचारपूस राहून गेली, आणि आईबापांस ही दुय्यम प्रतीची शाळा वाटूं लागली.

तिसरें उत्तर आमच्याच पुणें जिल्ह्यांतलें आहे. अमेरिकेंत उच्च शिक्षण घेतलेले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग मोठ्या कंपनीच्या संशोधनशाळेंतलें काम सोडून शिरूर तालुक्यांतील पाबळ या अवर्षणग्रस्त गांवीं आले, आणि १९८३ सालीं त्यांनीं तेथें विज्ञान आश्रम सुरू केला. माध्यमिक शाळेंतील मुलामुलींनीं आठवड्याचा एक दिवस हातानें काम करावें, अशी त्यांची योजना. यंत्रकाम, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे तिचे चार विभाग. शिकविण्यास गांवांतलेच जाणकार. पुढें राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळानेंही या विषयास मान्यता दिली. भूगर्भांतील पाण्याचा विद्युत्-रोधावरून अंदाज घेण्याची विद्याही आश्रमानें ग्रामीण तरुणांस शिकविली.

योजनेचें मर्म असें, कीं केलेलें काम गांवाच्या उपयोगी पडावें व त्याचा रास्त मोबदला यावा. जोडलेलें फाटक निखळलें, तर धनी परत दारांत उभा राहतो. तेथें काम शिकावेंच लागतें, आणि शेजाऱ्याविषयींची जबाबदारीही त्याबरोबरच अंगीं येते.

आमच्या भिगवणास या विचाराची निकड अधिक आहे. १९८० सालीं भीमेवरील उजनी धरण पुरें झालें. त्याच्या जलाशयाखालीं अनेक गांवांच्या जमिनी गेल्या, आणि बापाचें शेत मुलास मिळेल हा त्या घरांचा भरंवसाही गेला. पुढें त्याच पाण्यावर मासेमारी वाढली. हिवाळ्यांत रोहित पक्षी उतरूं लागले, तेव्हां कुंभारगांव, डिकसळ येथील तरुणांनीं पाहुण्यांस नावेंतून पक्षी दाखविण्याचा उद्योग उभारला. पक्षी ओळखणें, नाव सांभाळून हांकणें, हिशेब ठेवणें आणि थवा भिऊन उडूं नये म्हणून नाव दूर ठेवणें. या एका धंद्यांत जीवशास्त्र, भूगोल, गणित व नागरिकशास्त्र हे चारही विषय आले.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांस हें खेड्यापुरतें वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या मुलास घरांतला दिवा बदलतां येत नाहीं व शेजारच्या आजारी म्हाताऱ्याचें औषध आणून देण्याचें सुचत नाहीं, त्याचेंही शिक्षण अपुरेंच होय. मुलांस हातकाम शिकवावयाचें, तर तें कोणाच्या तरी खऱ्या गरजेशीं जोडून द्यावें. आठवड्यांतला एक दिवस त्यासाठीं काढला, तर अभ्यासाची हानि होणार नाहीं. पुस्तकांतलें पुष्कळसें त्या दिवशींच उमगेल.