देव्व, खवीस आणि भाड्याचे पुस्तक

कानडीत भुताला 'देव्व' म्हणतात. लहानपणी हा शब्द मी प्रथम ऐकला तेव्हा देवाचेच नाव घेतले असे समजून हात जोडले होते. शेजारच्या कानडी मुलांना हसायला पुरले! त्यात आजीचा मुंज्या, उर्दूतला जिन आणि अरबीतून आलेला खवीस. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, उदगीर, निलंगा, अहमदपूर हे बिदर जिल्ह्याचे तालुके मुंबई राज्यात गेले, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. भुतांची वाटणी मात्र कोणी केली नाही.

१९८० च्या सुमारास बसस्टँडजवळच्या भाड्याच्या वाचनालयाने मला मराठीचा नाद लावला. पाठ्यपुस्तकाने नव्हे, हे मुख्याध्यापक असूनही कबूल करतो. आधी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा. त्यांनी त्या हजारांहून अधिक लिहिल्या. मग नारायण धारप (१९२५–२००८). कव्हर फाटलेले, पाने तेलकट, आणि नेमक्या भयंकर जागी कोणीतरी पेन्सिलीने 'बापरे' लिहिलेले. रात्री कंदील मोठा करून वाचायचे, आणि लघवीला जायचे तर धाकट्या भावाला उठवायचे.

धारपांची मोहिनी कशात होती? एम.ए. करताना या प्रश्नाला कोणी जागा दिली नाही. अमेरिकेत १९२३ साली निघालेल्या 'विअर्ड टेल्स' या स्वस्त मासिकात लव्हक्राफ्टच्या कथा येत. त्यालाही हयातीत विद्वानांनी विचारले नाही. धारपांनी इंग्रजी भयकथांतून पुष्कळ घेतले. पण घेतलेले त्यांनी मराठी घरात आणून बसवले. त्यांच्या कथेची सुरुवात किंकाळीने होत नाही. एखादे पत्र येते, दूरच्या नातलगाचा वाडा वारशाने मिळतो, कोणी नवी खोली भाड्याने घेतो. भाषा हिशेब लिहावा तशी साधी. भीती त्या साधेपणातच दबा धरून असते. आणि बहुतेक वेळा मूळ एकच असते : मागच्या कोणाचे तरी काहीतरी फेडायचे राहिलेले असते.

हे सूत्र आमच्या भागाला परके नव्हते. भीमा-अमरजा संगमावरचे गाणगापूर आमच्याच कलबुर्गी जिल्ह्यातले. बाधा झालेल्यांना घेऊन लोक तिथे आजही येतात. आरतीच्या वेळी खांबाला धरून घुमणाऱ्या बाया मी आईच्या पदराआडून पाहिल्या आहेत. तिथल्या नृसिंह सरस्वतींचे चरित्र सांगणाऱ्या 'गुरुचरित्रा'त ब्रह्मसमंधाची कथा आहे. एका बाईची मुले जगत नाहीत, कारण पूर्वजन्मी एका ब्राह्मणाचे पैसे बुडवलेले असतात. त्याने जीव दिला आणि तो समंध होऊन मागे लागला. भूत म्हणजे इथे चक्क सावकार! पोथी सोवळ्यात वाचायची, तिला भयकथा म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण लहानपणी तो अध्याय ऐकताना अंगावर यायचा तो काटा धारपांच्या काट्याहून वेगळा नव्हता. पोथीचे कर्ते सरस्वती गंगाधर यांची मायबोली कानडी असावी असे मानतात. दोन भाषांच्या उंबऱ्यावरच्या माणसाने ही कथा मराठीत सांगितली, याचे मला फार अप्रूप वाटते.

धारपांचा 'समर्थ' पीडितांना सोडवायला येतो, तेव्हा आमच्या घरातल्यांना तो ओळखीचा का वाटला, हे वेगळे सांगायला नको.

असो. शिक्षक म्हणून नवा होतो, तेव्हाची गोष्ट. आठवीतल्या एका मुलाच्या बाकाखाली मला धारपांचे पुस्तक सापडले. मी ते काढून घेतले, "काही चांगलं वाच" असे वर सुनावले आणि कपाटात कुलूप लावून ठेवले. काल रात्री स्वतः काय वाचत होतो, ते सोयीस्कर विसरलो. पुस्तक भाड्याचे आहे, दिवसागणिक आकार चढतो आहे, हे डोक्यातही आले नाही. मुलगा बिचारा मागायला आला नाही. वाचनालयाकडेही तो पुन्हा फिरकला नाही, असे तिथल्या माणसाकडून कळले. तेव्हा पैसे मी भरले, पण पुस्तक परत करायचे राहूनच गेले.

दोन वर्षांपूर्वी तो भेटला. मुले कानडी माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, वाचत नाहीत. चहा पिता पिता हसून म्हणाला, "सर, त्या वाड्यातल्या माणसाचं शेवटी काय झालं हो?"

मला सांगता येईना. ते पुस्तक मीही पुरे वाचलेले नव्हते.