मनोविकृतिरोधक औषधे
भास, भ्रम व विचारांतील विस्कळीतपणा कमी करणारी औषधे. सर्पगंधा या वनस्पतीतील रिसर्पीन हे आरंभीचे औषध; मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग जगापुढे मांडला होता. फ्रान्समध्ये १९५२ साली क्लोरप्रोमॅझीन वापरात आले आणि मनोविकृतीच्या उपचारात सर्पगंधा मागे पडली.

पहिल्या पिढीतील क्लोरप्रोमॅझीन, हॅलोपेरिडॉल मेंदूतील डोपामिनचे डी-२ ग्राही अडवतात. भास ओसरतात, पण हात थरथरतात, अंग ताठरते. दुसऱ्या पिढीतील रिस्पेरिडोन, ओलांझापीन सेरोटोनिनच्या ग्राहींवरही काम करतात. थरथर कमी होते, मात्र वजन व रक्तातील साखर वाढते, विशेषतः ओलांझापीनने. क्लोझापीन इतर औषधांना दाद न देणाऱ्या आजारासाठी. त्याने पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून नियमित रक्ततपासणी हवीच. अ‍ॅरिपिप्राझोलला काही जण तिसरी पिढी म्हणतात. ही विभागणी मुख्यतः कालक्रमाची. नवे ते सरस असे नाही.

बीडसारख्या ऊसतोड मजुरांच्या जिल्ह्यात औषधाच्या निवडीइतकेच त्याचे रूपही, गोळी की इंजेक्शन, महत्त्वाचे. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघालेल्या कुटुंबातला रुग्ण कित्येक महिने उसाच्या फडावर असतो. गोळ्या संपल्या की आजार उलटतो. फ्लुफेनाझीन डेकॅनोएटचे साधारण दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचे इंजेक्शन अशा वेळी मोठा आधार ठरते. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकृतिशास्त्र विभाग आहे. पण पुढचे इंजेक्शन साखर कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातच मिळायला हवे. त्यासाठी औषधाचे नाव, मात्रा व पुढची तारीख लिहिलेला कागद रुग्णाबरोबर द्यावा.