उमेदवाराचें वेतन कोणीं द्यावें?

जव्हारपासून थोड्याच अंतरावर शिरपामाळ आहे. १६६४ च्या आरंभीं सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांचें जव्हारचे राजे विक्रमशहा यांनीं येथें स्वागत केलें व त्यांच्या मस्तकीं शिरपेच चढविला, असें सांगतात. माळाचें नांवही त्या शिरपेचावरूनच पडलें म्हणे. सहलीस येणारी मंडळी तेथील स्मारक पाहून परत फिरतात. परंतु दिवाळी उलटली म्हणजे याच मुलखांतून दुसरी एक वाटचाल सुरू होते. वारली, कातकरी, ठाकूर यांचीं कुटुंबें भांडींकुंडीं व पोरेंबाळें बरोबर घेऊन भिवंडी, वसई, ठाणें या बाजूच्या वीटभट्ट्यांवर व दगडखाणींवर जातात. निघण्यापूर्वीं मालकाकडून किंवा मुकादमाकडून त्यांनीं कांहीं रक्कम घेतलेली असते. तिला उचल म्हणतात. पैसा आधीं घ्यावयाचा व मग सारा हंगाम अंगमेहनतीनें तो फेडीत राहावयाचें, असा हा व्यवहार.

कामाची पुरती किंमत हातीं येण्यापूर्वींच तरुणाला पैसा मिळावा, अशी दुसरीही एक रीत आहे. तिचें नांव विद्यावेतन. उचलीचा भार ती घेणाऱ्याच्या डोक्यावर असतो, हें उघडच आहे. विद्यावेतनाचा भार कोणीं वाहावा? शिकणाऱ्याच्या घरानें, मालकानें, कीं सरकारनें? या प्रश्नाचें उत्तर आपल्याकडे गेल्या पावणेदोनशें वर्षांत अनेक वेळां बदललें, आणि खाणीच्या धंद्यांत तर त्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात.

काम शिकणाऱ्याला मराठींत उमेदवार म्हणतात, तें मोठें मार्मिक आहे. उमेद म्हणजे आशा. इंग्रजी अमदानींत मामलेदार कचेरींत एखादा पोरगा महिनोन्‌महिने बिनपगारी नकला करीत बसे. जागा रिकामी झाली कीं आपली वर्णी लागेल, एवढ्याच आशेवर. या काळांतला खर्च बापाचा. ज्याच्या बापाला तो झेपत नसे, त्याला उमेदही धरतां येत नसे.

कायद्यानें या प्रश्नांत हात घातला तो १८५० सालीं. अनाथ व धर्मादायावर वाढलेल्या गरीब मुलांना धंदे शिकतां यावे, हा त्या कायद्याचा हेतु. १० ते १८ वर्षांच्या मुलाला बाप किंवा पालक जास्तींत जास्त ७ वर्षांच्या कराराने धंदेवाल्याकडे बांधून देऊं शके. मात्र २१ वर्षांचें वय झाल्यावर करार चालत नसे. मुलाच्या रक्षणाचीं कलमें कागदावर होतीं, हें खरें. तथापि शिक्षणाची किंमत मुलानें आपल्या आयुष्याच्या वर्षांनींच भरावयाची होती, व हा कायदा १९६१ पर्यंत पुस्तकांत राहिला.

खाणींत त्या काळीं मुलें जात, तीं शिकण्यास नव्हे, तर आईबापांच्या हाताखालीं. १९०१ सालीं देशांतला पहिला खाण कायदा झाला. १९२३ च्या कायद्यानें १३ वर्षांखालील मुलांना खाणींत मज्जाव केला. वऱ्हाड-मध्यप्रांताकडे वरोरा, बल्लारपूर येथील कोळसा आणि नागपूर-भंडाऱ्याकडील मँगनीज निघूं लागलें होतें; पण वरच्या अधिकाराच्या जागांसाठीं विलायतेंत शिकलेल्या माणसांकडेच पाहावें लागे. खाणशास्त्राची शाळा हवी, अशी मागणी राष्ट्रीय सभेनें १९०१ सालींच केली होती. धनबादची ‘इंडियन स्कूल ऑफ माइन्स’ उघडण्यास १९२६ चा डिसेंबर उजाडला.

शाळा निघाली तरी अडचण संपत नाहीं, आणि येथेंच खाणीचा धंदा इतर धंद्यांहून निराळा पडतो. सुताराच्या उमेदवारानें फळी वांकडी कापली तर फळी वाया जाते. खाणींत छताच्या धीऱ्याचा किंवा वायूचा अंदाज चुकला तर सारी पाळी आंत अडकते. म्हणूनच सरदार, ओव्हरमन, मॅनेजर या जागांना सरकारी परीक्षेचा दाखला लागतो, आणि खाणींत प्रत्यक्ष काढलेला ठराविक काळ दाखविल्यावांचून त्या परीक्षेस बसतां येत नाहीं. पदवी हातांत असली तरी कोणीतरी खाणवाल्यानें आपल्याकडे घ्यावें लागतें. खाणवाल्यानें तरी कां घ्यावें? नवशिक्यामागें अनुभवी माणूस गुंतवावयाचा, आणि तो तयार झाला कीं शेजारच्या खाणीनें दोन रुपये जास्त देऊन त्याला न्यावयाचा! प्रत्येक मालक असा विचार करूं लागला तर शिकविणार कोण? मालकाला सरकारनें कांहीं भाग द्यावा, या कल्पनेचें मूळ या अडचणींत आहे. मालकावर ती मेहेरबानी नव्हे.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानें ठराविक प्रमाणांत उमेदवार घेणें कारखानदारांवर बंधनकारक केलें; फिटर, वायरमन अशा उमेदवारांचें विद्यावेतन सर्वस्वी मालकाचें. १९७३ च्या दुरुस्तीनें पदवीधर व पदविकाधर त्यांत आले, आणि त्यांच्या वेतनाचा अर्धा वांटा केंद्र सरकारनें उचलला. विदर्भाला हें सोयीचें झालें. नागपूरच्या १९६० मध्यें निघालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत खाणकामाचा अभ्यासक्रम होता. मँगनीज खाणींसाठीं १९६२ सालीं सरकारी भागीदारीची कंपनी झाली. कोळशाच्या राष्ट्रीयीकरणानंतर १९७५ मध्यें वेस्टर्न कोलफील्ड्‌सचें ठाणें नागपुरासच पडलें. शाळा आणि खाण एका हांकेवर आलीं. २०१९ च्या नियमांनीं पदवीधराचें किमान विद्यावेतन ९,००० रुपये ठरलें. म्हणजे सरकारचा वांटा ४,५०० रुपयांचा.

फिटरच्या मुलाचें काय? त्याच्यासाठीं सरकारनें हात सैल केला तो फार उशिरां. २०१४ सालीं लहान कारखान्यांपुरती एक योजना झाली; २०१६ च्या राष्ट्रीय योजनेनें सर्वांना वेतनाचा चौथा भाग, पण महिना १,५०० रुपयांच्या आंत, देऊं केला. ज्याच्यापाशीं पदवी आहे त्याच्यासाठीं अर्धा वांटा, ज्याच्यापाशीं फक्त हात आहेत त्याच्यासाठीं पाव! कॅनडांत खाणउद्योगाच्या मनुष्यबळ परिषदेमार्फत विद्यार्थ्यांच्या वेतनाला मदत देतांना नेमका उलट क्रम लावण्यांत आला. सामान्य विद्यार्थ्यासाठीं मालकाला निम्मे वेतन, ५,००० डॉलरपर्यंत. स्त्रिया, आदिवासी, अपंग अशांना घेतल्यास ७० टक्के, ७,००० डॉलरपर्यंत. धंद्याची दारें ज्यांना आजवर बंद होतीं, त्यांच्यासाठीं जास्त, असा तो हिशेब.

महाराष्ट्रानें १९७४ पासून सुशिक्षित बेकारांना कामावर धाडून स्वतः विद्यावेतन देण्याचा कार्यक्रम चालविला होता. २०२४ सालीं तो मोठ्या प्रमाणावर पुढें आला. बारावी झालेल्यास ६,०००, आयटीआय किंवा पदविका असलेल्यास ८,००० व पदवीधरास १०,००० रुपये महिना सरकार देणार, मालकाला पदरचें कांहीं घालणें सक्तीचें नाहीं. मुदत प्रथम ६ महिन्यांची होती; ती पुढें ५ महिन्यांनीं वाढविली. पुष्कळ उमेदवार सरकारी कचेऱ्यांत व शाळांतच नेमले गेले, आणि मुदत सरल्यावर त्यांनीं कायम जागा मागितल्या. मामलेदार कचेरींतला तो जुना नकलनवीस आठवावा, इतकें साम्य त्यांत आहे. फरक इतकाच कीं या वेळीं खर्च बापाचा नव्हता.

परंतु या शिडीची सर्वांत खालची पायरी बारावीची आहे, आणि शिरपामाळावरून दगडखाणीकडे जाणारा मुलगा त्या पायरीखालीं उभा आहे. १९५२ च्या खाण कायद्यानें, १९८३ च्या दुरुस्तीनंतर, १८ वर्षांखालील कोणासही खाणींत कामावर लावण्याची बंदी केली. शिकाऊ उमेदवाराला मात्र १६ व्या वर्षापासून योग्य देखरेखीखालीं मुभा ठेवली. जेथें सुरुंग लावीत नाहींत, खोली ६ मीटरच्या आंत आहे आणि माणसें ५० हून अधिक नाहींत, अशा लहान दगडखाणींना त्या कायद्याचीं बहुतेक कलमें लागू नव्हतीं. वयाचें कलम तेथेंही लागू होतें. कायद्याच्या दृष्टीनें १६ वर्षांच्या मुलाला त्या खाणींत एकाच नात्यानें जातां आलें असतें: शिकणारा म्हणून. तो जाई तो मात्र आईबापांच्या उचलींतला एक जोड हात म्हणून. त्याचें नांव कोणत्याही उमेदवारांच्या यादींत नसे, म्हणून त्याच्या वेतनाचा अर्धा, पाव किंवा कसलाच वांटा सरकारकडे मागण्याचा प्रश्नही उद्भवत नसे.

त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांत एके काळीं लग्नाच्या खर्चासाठीं सावकाराकडून कर्ज काढून त्याच्या शेतावर वर्षानुवर्षें राबणाऱ्या गड्याला लग्नगडी म्हणत. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानें तीं कर्जें रद्द ठरविलीं. उचल राहिली. जेष्ठाचा पाऊस तोंडावर आला कीं भट्ट्या व खाणी थांबतात, मालकाच्या वहींत हिशेब होतो, आणि फिटली नसेल तेवढी रक्कम पुढल्या दिवाळीच्या नांवें लिहिली जाते.