काळोखातली पावले : ब्लॅकआउटमधील ब्रिटन, पांढरा कोट घातलेली कुत्री आणि ‘मांजराचे डोळे’

१/ १ सप्टेंबर १९३९. जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरल्या, आणि त्याच संध्याकाळी ब्रिटनभर रस्त्यांवरचे दिवे मालवले गेले. युद्धाची घोषणा व्हायला अजून दोन दिवस अवकाश होता. पुढची पाच वर्षे हा देश रात्री काळोखात वावरला. या धाग्यात त्या काळोखाचा इतिहास एका अगदी घरगुती प्रश्नातून पाहू : अशा रात्री कुत्र्याला फिरवायला बाहेर पडलेला माणूस सुखरूप घरी कसा परतत असे?

२/ ब्लॅकआउटमागचा विचार सरळ होता. रात्री येणाऱ्या बॉम्बफेकी विमानांना खालचे शहर ओळखू येऊ नये. खिडकीच्या फटीतून उजेडाची तिरीपही बाहेर दिसता कामा नये. दिसली तर गस्तीवरचा वॉर्डन दार ठोठावणार आणि दंडही होणार. मोटारींच्या हेडलाइटवर झाकणे बसली आणि अरुंद चिरांमधून जेमतेम प्रकाश रस्त्यावर पडू लागला.

३/ उन्हाळ्यात हे निभावून गेले असते. पण डिसेंबरात लंडनचा सूर्य दुपारी चारच्या आतच मावळतो. कचेरीतून सुटलेला माणूस घरी पोहोचेपर्यंत मिट्ट काळोख. वर्तमानपत्रे रोजच्या ब्लॅकआउटच्या वेळा छापत, लोक चांदण्या रात्री हेरून भेटीगाठी ठरवत. कुत्र्याला मात्र यातले काहीच ठाऊक नव्हते. त्याला सकाळ-संध्याकाळ बाहेर जाणे भागच होते.

४/ त्यातही ज्या घरात कुत्रा उरला होता, त्या घराने एक निर्णय घेतलेला होता. युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात एकट्या लंडनमध्ये सुमारे ४ लाख पाळीव कुत्र्या-मांजरांना त्यांच्या मालकांनीच मरण दिले, असे इतिहासकार हिल्डा कीन यांनी नोंदवले आहे. सार्वजनिक निवाऱ्यांत कुत्र्यांना सहसा प्रवेश नव्हता. हरवलेले जनावर परत मिळावे म्हणून नोंदणी करून त्याच्या गळ्यात क्रमांकाचा बिल्ला अडकवण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली. संध्याकाळचा फेरफटका म्हणजे जाणूनबुजून पत्करलेली जबाबदारी होती.

५/ आणि ती धोक्याची होती. सप्टेंबर १९३९ मध्ये रस्त्यांवरील मृत्यू आदल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या जवळपास दुप्पट झाले. १९३८ साली ब्रिटनमध्ये रस्ते अपघातांत ६,६४८ माणसे दगावली होती. १९४० साली हा आकडा ८,६०९ झाला आणि १९४१ साली ९,१६९. ब्रिटनच्या इतिहासात हा आजवरचा उच्चांक आहे. लक्षात घ्या, पेट्रोलचे रेशनिंग सप्टेंबर १९३९ मध्येच सुरू झाले होते. खाजगी मोटारी कमी होत होत्या, मृत्यू वाढत होते.

६/ राजवैद्यांपैकी एक शल्यविशारद विल्फ्रेड ट्रॉटर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये यावर बोचरे भाष्य केले. त्यांचा आशय असा : राष्ट्राला घाबरवून दिवे मालवायला लावल्यामुळे जर्मन हवाईदल एकही विमान न उडवता महिन्याला ६०० नागरिक मारू शकत आहे. लंडनवरचा मोठा बॉम्बवर्षाव तेव्हा वर्षभर लांब होता.

७/ मोटारीच कशाला, स्थिर वस्तूही घातक ठरल्या. लोक दिव्याच्या खांबांवर आदळत, वाळूच्या पोत्यांना अडखळत, रेल्वेच्या फलाटावरून खाली पडत. जानेवारी १९४० च्या एका जनमत चाचणीत साधारण पाचातल्या एकाने ब्लॅकआउटमुळे काही ना काही इजा झाल्याचे सांगितले. अशात हाताशी साखळी आणि साखळीच्या टोकाला ओढ घेणारा जीव असेल, तर तोल सांभाळणे किती अवघड, याची कल्पना करता येईल.

८/ पण सर्वात मोठे कारण डोळ्यांत दडलेले आहे. काळोखात २०-३० मिनिटे राहिले की डोळे सरावतात. पादचाऱ्याला समोरून येणारा मोटारीचा क्षीण दिवा लांबूनही दिसतो. मग त्याचे मन नकळत एक निष्कर्ष काढते : मला मोटार दिसते, त्या अर्थी मोटारचालकालाही मी दिसत असणार. हा निष्कर्ष साफ खोटा असतो. चालकापुढे असतो तो काळ्या रस्त्यावरचा काळा कोट आणि गुडघ्याएवढ्या उंचीवरचा काळा कुत्रा.

९/ यावर पहिला उपाय निघाला तो चुन्या-रंगाचा. पदपथांच्या कडा, झाडांचे बुंधे, दिव्यांचे खांब, मोटारींचे मडगार्ड पांढरे झाले. काही शेतकऱ्यांनी तर रस्त्यावर भटकणाऱ्या गायींच्या अंगावर पांढरे पट्टे ओढले. अंगावर किंवा हातात काहीतरी पांढरे ठेवा, असे सरकारी भित्तिपत्रके सांगू लागली. कोणी रुमाल धरी, कोणी वर्तमानपत्र. दुकानांत चमकणारी बटणे आणि पिना आल्या आणि कुत्र्यांसाठी पांढरे कोटही विकायला आले. आज हसू येईल, पण त्या कोटामागचे गणित चोख होते.

१०/ दुसरा उपाय टॉर्चचा. टॉर्चच्या काचेवर पातळ कागदाचे दोन पदर लावायचे आणि झोत खाली जमिनीकडे ठेवायचा, असा नियम झाला. त्यामुळे पायाखालचा खड्डा दिसे, पण चालकाला पादचारी दिसेलच याची हमी नव्हती. शिवाय छोट्या टॉर्चला लागणारे आठ क्रमांकाचे सेल बाजारातून पार नाहीसे झाले.

११/ इथे एक विलक्षण विरोधाभास आहे. या जोडीतला कुत्रा काळोखात माणसापेक्षा कितीतरी चांगले पाहतो. त्याच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परत फेकणारा एक थर असतो. आत आलेला प्रकाशकिरण त्यामुळे दुसऱ्यांदा टिपला जातो. माणसाच्या डोळ्यात हा थर नाही. म्हणजे कुत्र्याला वाट दिसे, पण तो स्वतः कोणाला दिसत नसे. दिव्याचा झोत थेट डोळ्यांवर पडला तरच ते चमकत.

१२/ हीच चमक रस्त्यावर आणणारा माणूस यॉर्कशरमधील हॅलिफॅक्सचा. पर्सी शॉ याने १९३४ साली ‘मांजराचे डोळे’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या परावर्तकाचे पेटंट घेतले आणि १९३५ साली कंपनी काढली. रस्त्याच्या मध्यरेषेवर रबराच्या चौकटीत बसवलेले काचेचे मणी प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवतात. चाक वरून गेले की रबर दबते आणि मणी पुसले जातात. वरच्या विमानाला न दिसणारा, चालकाला मात्र दिसणारा खुणेचा दगड! ब्लॅकआउटने या शोधाला खरे महत्त्व मिळवून दिले.

१३/ तिसरा उपाय वेगाचा. १९४० च्या आरंभी वस्तीतील रात्रीची वेगमर्यादा ताशी ३० वरून २० मैलांवर, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरवर आणली गेली. आजच्या ब्रिटिश वाहतूक नियमावलीच्या हिशेबाने ताशी ३० मैलांवरची मोटार थांबायला २३ मीटर घेते, २० मैलांवरची १२ मीटर. मंद दिव्यात हा फरक म्हणजे जीव वाचणे किंवा जाणे. तरीही १९४१ चा आकडा वाढलाच. काळोखात वेग कोण मोजणार? नियम कागदावर कडक होता, रस्त्यावर दुबळा.

१४/ चौथा उपाय घड्याळाचा. १९४० च्या शरद ऋतूत ब्रिटनने घड्याळे मागे घेतलीच नाहीत; हिवाळाभर उन्हाळी वेळच चालू ठेवली. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापासून तर ती दोन तास पुढे गेली. सकाळ अंधारी झाली, पण घरी परतणाऱ्यांच्या पदरात संध्याकाळचा एक उजेडी तास पडला. अखेर १७ सप्टेंबर १९४४ रोजी निर्बंध सैल झाले आणि मंद दिवे परतले.

१५/ युद्धानंतर हा विचार पुढे नेला तो फिनलंडने. त्या देशाच्या अगदी उत्तरेला हिवाळ्यात सुमारे ५० दिवस सूर्य उगवतच नाही. तिथे अर्वी लेहती या उद्योजकाने पादचाऱ्याच्या कोटाला लटकवायचा प्लास्टिकचा छोटा परावर्तक लोकप्रिय केला. आज तिथे अंधारात चालणाऱ्याने परावर्तक वापरावा, असे कायदाच सांगतो. पांढरा रुमाल प्रकाश चहूकडे विखुरतो, परावर्तक तो चालकाकडेच परत धाडतो. म्हणूनच इवलासा तुकडाही दुरून लखलखतो.

१६/ हा अनुभव आपल्याला परका नाही. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत मुंबईनेही ब्लॅकआउट पाहिला. खिडक्यांना काळे कागद, हेडलाइटच्या वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग. डिसेंबर १९७१ च्या त्या रात्री आजही अनेक घरांतल्या आजी-आजोबांच्या आठवणीत आहेत. अवश्य विचारा.

१७/ या इतिहासातून हाती काय येते? आपल्याला दिसणे आणि आपण दिसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कुत्र्याला रात्री न्यायचे तर साखळी आखूड असावी, त्याला रस्त्याच्या नव्हे तर आतल्या बाजूला घ्यावे, पदपथ नसेल तिथे वाहनांना सामोरे चालावे, आणि त्याच्या व आपल्याही अंगावर परावर्तक पट्टी असावी.

१८/ मात्र १९४१ चा आकडा आणखी एक गोष्ट सांगतो. त्या वर्षी मेलेल्या पादचाऱ्यांपैकी कित्येकांच्या हातात पांढरा रुमाल असेलही. दिसण्याचा सारा भार पायी चालणाऱ्यावर टाकून रस्ता सुरक्षित होत नाही. वेग आवरण्याची जबाबदारी वाहन हाकणाऱ्याचीच असते. पट्टी जरूर बांधावी, आणि आपल्या गल्लीतला बंद दिवा व सुसाट गाड्या यांबद्दल महापालिकेला जाबही विचारावा.

(धागा समाप्त)