डाव संपला; पण जिंकले कोण?

१/ चार-पाच मित्र टेबलाभोवती तीन तास बसतात, फासे टाकतात, वाद घालतात, काल्पनिक राक्षसांशी झुंजतात. उठताना त्यांना विचारावे, ‘कोण जिंकले?’, तर ते एकमेकांकडे पाहू लागतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या खेळांत जिंकणे म्हणजे नेमके काय? उत्तरासाठी दोनशे वर्षे मागे जावे लागेल. आजचा धागा त्याविषयी.

२/ आरंभ प्रशियातला. १८१२ साली राइसविट्झ नावाच्या सरदाराने तिथल्या राजासमोर एक युद्धखेळ मांडला. १८२४ मध्ये त्यांच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, त्याचे सुधारित नियम छापले. नकाशा, सैन्याच्या तुकड्या दाखवणारे ठोकळे, हानी ठरवणारे फासे आणि मध्ये एक पंच. खेळाडूने हुकूम द्यायचा, परिणाम पंचाने सांगायचा. हेतू करमणुकीचा नव्हता; अधिकारी घडवण्याचा होता.

३/ या पंचाचे महत्त्व ध्यानात घ्या. बुद्धिबळातला उंट तिरकाच चालतो. त्याला दुसरी वाट नाही. पंच असला की नियमात न लिहिलेली चालही खेळता येते. अमेरिकी सेनाधिकारी चार्ल्स टॉटन यांच्या ‘स्ट्रॅटेगॉस’ (१८८०) या ग्रंथात हा विचार आढळतो : खेळाडूने काहीही करून पाहावे, ते साधले की नाही हे पंच ठरवील. तरीही जिंकणे म्हणजे शत्रूचा पराभव, याविषयी अजून कोणालाच शंका नव्हती.

४/ ती शंका निर्माण झाली १९६९ मध्ये, मिनेसोटात. टॉटनचा ग्रंथ वाचलेल्या डेव्हिड वेस्ली या तरुणाने नेपोलियनच्या काळातील ‘ब्राउनस्टाइन’ हे काल्पनिक गाव रचले. दोन सैन्ये गावाकडे येत आहेत. वेस्लीने केवळ सेनापतीच नेमले नाहीत. कोणाला महापौर केले, कोणाला सावकार, आणि प्रत्येकाला त्याचा स्वतःचा हेतू दिला.

५/ झाले भलतेच. खेळाडू कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन कानगोष्टी करू लागले, कारस्थाने रचू लागले. ज्या लढाईसाठी सारा घाट घातला, ती बाजूलाच राहिली. आपला प्रयोग पुरता फसला, असे वेस्लीला वाटले. खेळाडू मात्र विचारत होते : पुढचा डाव केव्हा?

६/ माझ्या मते या इतिहासातले खरे वळण हेच. प्रत्येकाचा हेतू निराळा झाला, तेव्हा विजयाचेही तुकडे झाले. महापौर यशस्वी झाला म्हणून सावकार हरलाच असे उरले नाही. ‘कोण जिंकले’ याऐवजी ‘कोणाला काय साधले’ हा प्रश्न पुढे आला.

७/ त्याच मंडळीत डेव्ह आर्नसन होते. १९७१ मध्ये त्यांनी ‘ब्लॅकमूर’ नावाची काल्पनिक भूमी उभारली : गढी, गढीखाली भुयारे, भुयारांत राक्षस. भुयारात उतरणाऱ्यांना एकमेकांच्या साथीने तगायचे होते. शिवाय आजच्या डावात वाचलेले पात्र पुढच्या डावात अधिक समर्थ होऊन परत येई. जो खेळ संपतच नाही, त्याचा अंतिम निकाल लावायचा तरी कसा?

८/ आर्नसन आणि विस्कॉन्सिनचे गॅरी गायगॅक्स यांनी मिळून १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या १०००. मुखपृष्ठावर अजूनही ‘युद्धखेळ’ हाच शब्द होता. पण विजयाची अट आत कुठेच नव्हती. तिच्या जागी आले ‘अनुभव-गुण’.

९/ हे गुण मिळत कशाचे? राक्षस मारल्याचे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे खजिन्याचे : एका सुवर्णनाण्याला एक गुण. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीने राक्षसवधाचे गुण बरेच घटवले. मग शहाणा खेळाडू तलवार कशाला उपसेल? राक्षस झोपला असताना सोने उचलावे आणि जिवंत बाहेर यावे, हेच हुशारीचे ठरले. ज्याला गुण, त्याला मान. आणि ज्याला मान, तसा खेळ.

१०/ जुना विजय मात्र पुरता गेला नव्हता. १९७५ साली बाल्टिमोरच्या ‘ओरिजिन्स’ संमेलनात गायगॅक्स यांचे ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे प्राणघातक थडगे स्पर्धेसाठी मांडले गेले. अनेक चमूंसमोर तेच थडगे. तुलना करायची म्हटल्यावर क्रमवारी लावावीच लागते. म्हणजे खेळ तोच. पण परक्या चमूशी सामना ठरला, की विजेता पुन्हा हजर!

११/ १९८९ च्या नव्या आवृत्तीत सोन्याचे गुण ऐच्छिक झाले. कथेतील उद्दिष्ट गाठल्याबद्दल आणि पात्राच्या पेशाला साजेसे वागल्याबद्दल गुण देण्याची सोय आली. पंधरा वर्षांत आदर्श खेळाडू बदलला होता : धूर्त लुटारू मागे पडून कथेचा नायक पुढे आला.

१२/ तेव्हा ‘या खेळात कोणी जिंकत नाही’ हे उत्तर मला अपुरे वाटते. जिंकण्याचा अर्थ इथे दर वेळी टेबलावर नव्याने ठरतो, आणि तो न बोलता ठरला की भांडणे होतात. एकाला सोने हवे असते, दुसऱ्याला कथा, तिसऱ्याला केवळ मित्रांचा सहवास. आणि तिघेही एकमेकांना ‘तुला खेळताच येत नाही’ म्हणतात. खरे तर तिघांच्याही मागे या इतिहासातला एकेक काळ उभा असतो.

१३/ म्हणून पुढच्या डावाआधी फासे हातात घेण्यापूर्वी एवढे विचारून घ्या : आज आपण काय साधायला बसलो आहोत? आणि आपल्याला साधले की नाही याची खूण हवी असेल, तर १९६९ च्या त्या फसलेल्या रात्रीची आठवण ठेवा. उठताना कोणी ‘पुढचा डाव केव्हा?’ असे विचारले, तर पुष्कळ काही साधले म्हणायचे.

तुमच्या टेबलावर जिंकणे कशाला म्हणतात? खाली जरूर लिहा. धागा समाप्त.